तारा छाप स्क्रू

नंदकिशोर जयवंतांची नजर पक्की आहे, हे बोरिवलीत सर्वांना ठाऊक होतं; कारण जयवंत स्वतःच ते सर्वांना सांगत असत. फोर्टातल्या एका बँकेत बावीस वर्षं ते सह्यांच्या टेबलावर होते. चेकवरची सही बघायची, कार्डावरची सही बघायची आणि खरी की खोटी ते सांगायचं, एवढंच काम. पण ते काम जयवंत असं करत, की जणू समोर सही नसून आरोपी उभा आहे. ही सवय मग घरीही आली. भाजीवालीकडची काकडी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत, आणि बायकोच्या माहेरून आलेलं पत्र 'अक्षर सासूबाईंचंच आहे' अशी खात्री झाल्याशिवाय तिच्या हाती देत नसत.

सत्तावन्न सालच्या दिवाळीआधी या नजरेला ठेच लागली. बँकेचे एक फार जुने खातेदार, एक शेटजी, जिन्यावरून पडले. त्यांनी प्लास्टरातल्या हातानं चेकवर सही केली आणि जयवंतांनी ती 'उघडउघड बनावट' असा शेरा मारून परत पाठवली. शेटजी जातीनं आले, प्लास्टरसकट. जयवंतांनी प्लास्टरही नीट बघितलं. तेही त्यांना संशयास्पद वाटलं, आणि तसं ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत आवक-जावक खात्यात पाकिटांवर नंबर घालत होते, आणि सह्यांच्या टेबलावर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला विद्याधर सबनीस बसला होता. सबनीसनं त्यांचं भिंगसुद्धा मागितलं नाही. म्हणाला, "मला चष्म्यातून दिसतं." हे वाक्य जयवंतांच्या छातीत जे रुतलं ते रुतलंच.

अशा अवस्थेत माणूस एकतर मठात जातो नाहीतर मोटारीच्या नादी लागतो. मठ लांब होता. मोटार घरामागच्या गोठ्यात होती.

ती जयवंतांच्या पत्नीच्या, म्हणजे वसुधाबाईंच्या वकीलमामांची. सव्वीस सालची ब्रॅमली, दोन माणसांची, मागे एक उघडी पेटी. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा मामांनी ती गोठ्यात लावली, ती पंधरा वर्षं तिथेच. मामा गेले, घर भाचीला आलं, गोठा आला आणि गोठ्यातली मोटारही आली. तिच्या मागच्या पेटीत कोंबड्या बसत आणि पुढच्या सीटवर सरपण.

त्याच सुमारास जुहूच्या काही हौशी श्रीमंतांनी 'जुनी मोटार मंडळ' काढलं होतं. फेब्रुवारीत मेळावा ठरला. त्यात एक करंडक होता तो बॉडीला नाही, इंजिनालाही नाही. स्क्रू, नट, खिट्ट्या, बोंडं, टोप्या असे बारीकसारीक भाग ज्या गाडीचे सर्वांत जास्त अस्सल निघतील, तिला. बँकेचे एजंटसाहेब, म्हणजे शाखेचे प्रमुख, या मंडळाचे सभासद. चहाच्या वेळी आवक-जावक खात्यावरून जाताना ते थांबले आणि म्हणाले, "जयवंत, तुमच्याकडे म्हणे एक जुनी गाडी आहे? आणा की. बघू तरी तुमची नजर."

साहेब हे बोलले आणि विसरले. जयवंतांनी ते मनातल्या मनात तारीख घालून फायलीला लावलं. करंडक मिळाला की सह्यांचं टेबल परत मिळालं, असा त्यांनी अर्थ काढला. घरी येऊन त्यांनी कोट काढला आणि जाहीर केलं, "वसू, ब्रॅमली जुहूला जाणार."

"कोंबड्यांना विचारलंत?" वसुधाबाई म्हणाल्या.

आता इंजिन. खरं तर या गोष्टीत इंजिनाला फारसं स्थान नाही. ते वाडीच्या टोकाला राहणाऱ्या भाऊ परबांनी बारा दिवसांत चालू केलं. भाऊ मूळचे मालवणकडचे, परळच्या एका मिलमध्ये तीस वर्षं फिटर, आता निवृत्त. खाकी अर्धी चड्डी, कानावर अर्धी विडी आणि बोलणं बेताचं. त्यांनी सिलिंडर उघडले, पिस्टन घासले, टायर कुठूनसे जमवले, आणि तेराव्या दिवशी ब्रॅमली अशी काही खोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडून वझिऱ्याच्या देवळापर्यंत गेली. जयवंत म्हणाले, "ठीक. हे हमाली काम झालं. आता खरं काम."

"जयवंतानू, मी काय म्हणतंय, त्या स्क्रूंचा—" भाऊ सुरू झाले.

"भाऊ," जयवंत हात वर करून म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण ही पारख आहे. यात पडू नका."

भाऊंनी कानावरची विडी काढली, पेटवली आणि ते पडले नाहीत.

जयवंतांनी ब्रॅमली कंपनीला विलायतेत सहा पानी पत्र लिहिलं. कंपनी आता मोटारी सोडून गवत कापायची यंत्रं करत होती. तरी तिथल्या कुणा भल्या माणसानं गाडीच्या भागांचं जुनं सचित्र पुस्तक पाठवलं, आणि पत्रानं गहिवरून, खणाच्या तळाशी सापडलेला एक जुना अस्सल स्क्रूही पाकिटात घातला. पुस्तकात लिहिलं होतं की ब्रॅमलीच्या प्रत्येक लहान भागावर पाच टोकांचा तारा ठोकलेला असतो. शेजारी ताऱ्याचं चित्र होतं. काय तो तारा! पाचही टोकं सारखी, धारदार. जयवंतांनी ते चित्र भिंगातून बघितलं आणि विलायती कारागिरीपुढे मनातून टोपी काढली.

पुस्तक घरी आलं. स्क्रू आला नाही. तो फोर्टात, परदेशी पार्सलं तपासणाऱ्या एका कचेरीत अडकला. जयवंत रजा टाकून गेले. खिडकीमागच्या अंमलदारानं स्क्रू चिमटीत धरला.

"हे काय?"

"स्क्रू."

"मोटारीचा?"

"हो."

"म्हणजे मोटारीचा सुटा भाग. आयातीचा परवाना?"

"अहो, एक स्क्रू आहे!"

"एक असो नाहीतर बोटभर... बोटभर म्हणजे जहाजभर. फॉर्मात नगाचा रकाना आहे, त्यात 'एक' लिहा. पण परवाना पाहिजे."

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला एका म्हाताऱ्या शिपायानं वाट दाखवली : स्क्रू 'निरुपयोगी नमुना' म्हणून सोडवता येतो. जयवंतांनी लिहून दिलं की, सदर स्क्रूचा मला कोणताही उपयोग नाही, पूर्वी नव्हता व पुढेही होणार नाही. खाली सही केली. अंमलदारानं ती सही बघितली, पहिल्या अर्जावरची सही बघितली, पुन्हा ही बघितली.

"जुळत नाही," तो म्हणाला.

जयवंतांच्या कानशिलांतून वाफ निघाली. बावीस वर्षं त्यांनी हा शब्द लोकांना ऐकवला होता. तो ऐकायला कसा लागतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी चार सह्या केल्या. प्रत्येक सही आधीच्या सहीहून जास्त खोटी दिसू लागली. शेवटी त्या शिपायानंच, "साहेब, घाम पुसा आणि बायकोला पत्र लिहिताय असं समजा," म्हटलं, तेव्हा पाचवी जुळली.

स्क्रू हातात आला. जयवंतांनी तिथेच भिंग काढलं. डोक्यावर तारा होता, पण कसला तारा! एक टोक लांब, दोन बोथट, आणि सबंध तारा एका अंगाला कललेला, जेवून सुस्तावल्यासारखा.

"हा तो स्क्रू नव्हे," जयवंत म्हणाले. "तुमच्या इथे बदलला गेलाय. अस्सल कुणीतरी लांबवला आणि हा देशी माल पाकिटात घातला."

मागच्या रांगेतल्या अकरा लोकांनी माना पुढे काढल्या. अंमलदारानं शांतपणे चष्मा काढला, पुसला, घातला. "तक्रारीचा अर्ज तिसऱ्या खिडकीवर. तिकीट लावून. आणि हो, सही जुळेल अशी करा."

जयवंतांनी तक्रार केली. तिचं उत्तर या गोष्टीच्या अखेरपर्यंत आलेलं नाही.

आता प्रश्न गाडीवरच्या भागांचा होता. त्यातले निम्मे गाडीवर नव्हतेच. पंधरा वर्षं उघड्या गोठ्यात मोटार उभी होती आणि वाडीतल्या लोकांना गरजा होत्या. कुणी चोरी केली नव्हती. ज्याला जे लागलं ते त्यानं, मामांना तोंडदेखलं विचारून, काढून नेलं होतं. रेडिएटरचं झाकण एका लोणच्याच्या बरणीवर होतं. चाकाच्या टोपीत मांजर दूध पीत होतं. दिव्याच्या कडीला जाळी लावून शेवया गाळण्याची सोय झाली होती. जयवंतांनी भिंग, पुस्तक आणि पिशवी घेतली आणि ते घरोघर जाऊ लागले.

लोकांनी भाग सहज दिले. त्याबरोबर सल्लेही दिले, तेही सहजच. कुणी म्हणालं, गाडी विका आणि घोडा घ्या. कुणी म्हणालं, करंडक खरा चांदीचा आहे का ते आधी बघा. गेल्या वर्षी बोरिवली मुंबई महापालिकेत गेल्यापासून प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते असा एकाचा दावा होता. त्याच्या मते, ठाणे जिल्ह्यात बसवलेला स्क्रू बृहन्मुंबईत काढायचा तर दोन्हीकडचे शिक्के पाहिजेत. जयवंतांनी यावर एक दिवस खरोखर विचार केला.

खरी अडचण सुलक्षणाबाई गुप्त्यांकडे आली. त्यांच्या देव्हाऱ्याच्या दाराला एक पितळी बोंड होतं. जयवंतांनी लांबूनच ओळखलं : पुस्तकातला भाग क्रमांक चारशे सतरा, चोक ओढायचं बोंड.

"ते माझ्या माहेरचं आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"त्यावर तारा असेल."

"असेल. देवाच्या दारावर तारा नाही तर काय शेपू असेल?"

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी सुलक्षणाबाईंनी अटी घातल्या : बोंड सोवळ्यानं काढायचं, त्याजागी नवं पितळी बोंड आधी आणायचं, आणि त्या दिवशीचा नैवेद्य जयवंतांकडून. म्हणून माघातल्या थंडीत, सकाळी सहाला, जयवंत विहिरीवर आंघोळ करून, मुकटा नेसून, एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हातात पुरणपोळीचं ताट घेऊन वाडी ओलांडून गेले. वाटेत भेटलेल्या दूधवाल्यानं सायकलवरून उतरून नमस्कार केला. कसलं तरी व्रत असेल, असं त्याला वाटलं. बोंडाच्या मागे तारा होता. पाचही टोकं सारखी. जयवंतांच्या अंगावर काटा आला. त्यातला थोडा थंडीचा होता.

दुसरं प्रकरण संडासाचं. वाडीतल्या आठ बिऱ्हाडांचा मिळून एक संडास होता, आणि त्याच्या दाराला आतून जी मूठ होती ती ब्रॅमलीच्या दाराची आहे अशी खबर लागली. मूठ आतून, तारा मुठीच्या खालच्या अंगाला. तेव्हा दार लावून, उकिडवं बसून, मान वाकडी करून बघण्यावाचून उपाय नव्हता. जयवंत सकाळी सातला आत गेले. सातला! ज्यांनी अशा वाडीत दिवस काढलेत त्यांना या वेळेचं महत्त्व सांगायला नको. पाच मिनिटांनी बाहेर खाकरणं सुरू झालं. दहा मिनिटांनी बादल्या वाजू लागल्या. आतून मधूनच "छे, छे," आणि "थोडा उजेड पाहिजे होता," असे उद्गार येत होते. पंधराव्या मिनिटाला ते बाहेर आले. हातात भिंग, चेहरा गंभीर. रांगेनं त्यांना वाट करून दिली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी इसबगोलाची दोन पाकिटं, ओव्याचा अर्क आणि एका वैद्याचा पत्ता येऊन पडला होता. शेजारच्या दशरथ गुरुजींनी तर वसुधाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, ते भिंग घेऊन बघतात, इतकं वाढलंय का?"

"वाट लागली माझ्या नावाची," वसुधाबाई घरात येऊन म्हणाल्या. "निदान ती मूठ अस्सल तरी निघाली का?"

"नाही. तारा वाकडा आहे. बनावट. राहू दे तिथंच."

मग ओसरीवर निवाडा सुरू झाला. दोन डबे ठेवले : एक 'अस्सल', एक 'नकली'. जयवंत एकेक नट भिंगाखाली घेत. सुबक तारा असला की मान डोलावून पहिल्या डब्यात. कललेला, बोथट, फेंगडा तारा असला की ओठ मुडपून दुसऱ्यात. जयवंतांचं गणित सोपं होतं. विलायती माल सुबक असतो. वेडंवाकडं असेल ते आपल्याकडचं. हे गणित ते कुणाकडून शिकले नव्हते. ते शिकवावं लागतच नसे. त्या पिढीतल्या पुष्कळांच्या दुधातूनच ते पोटात गेलं होतं.

भाऊ पायरीवर बसून हे बघत. एकदा ते म्हणाले, "जयवंतानू, तो वाकडो टाकू नकात. तो—"

"भाऊ, डोळ्यांवर उजेड येतोय तुमच्यामुळे."

भाऊ सरकून बसले.

शेवटी अस्सल डब्यात एक्क्याण्णव भाग झाले, नकली डब्यात सत्तर. सत्तरांची जागा भरायला जयवंतांनी भाऊंना सांगितलं, "कुठून मिळतात का बघा, तारा बघून घ्या." भाऊ चार दिवसांनी रुमालात बांधून घेऊन आले. सगळे सुबक ताऱ्याचे. जयवंतांनी एकेक पास केला. "बघा, शोधलं की सापडतं," ते म्हणाले. नकली डबा वसुधाबाईंनी बोहारणीला देऊन टाकला आणि एक गाळणं घेतलं.

फेब्रुवारीतला तो रविवार उजाडला. ब्रॅमली धुऊन पुसून अशी चकाकत होती की कोंबड्या तिला ओळखेनात. जयवंत कोट घालून चाकाशी बसले, शेजारी वसुधाबाई, आणि मागच्या उघड्या पेटीत, काही बिघडलं तर असावे म्हणून, भाऊ. कांदिवली गेली, मालाड गेलं, गोरेगाव गेलं. जोगेश्वरीच्या अलीकडे खणकन आवाज झाला आणि बॉनेट एका बाजूनं उचकटलं. खिट्टीचा नट कुठेतरी घोडबंदर रस्त्यावर पडला होता.

"संपलं," जयवंत म्हणाले. "तारा असलेला नट आता रस्त्यात कुठे मिळणार?"

भाऊंनी चड्डीच्या खिशात हात घातला आणि चार नट काढले. चारींवर तारा. त्यातला एक लावला, बाकीचे खिशात टाकले.

जयवंत बघतच राहिले. "हे कुठून आणले?"

"आणूक कित्याक होये? मीच केलंय."

"तुम्ही केले म्हणजे?"

"मिलात लेथ होतो. कंपनीचो माल येवक नाय, तेव्हा वकिलांनी सांगल्यानी म्हणान करून दिलंय. बरेचसे तेव्हाचेच. बाकीचे आता केलंय, गेल्या आठवड्यात."

"आणि तारा?"

"तारोय मीच ठोकलंय. नमुनो होतो ना समोर. पण खरो तारो वाकडो होतो हो. शिक्कोच झिजलेलो असतलो त्यांचो." भाऊ जरा ओशाळले. "माका तसो वाकडो मारूक जमलो नाय."

जयवंत रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. म्हणजे सुबक ते सगळे भाऊंचे. वाकडे ते सगळे अस्सल. सत्तर अस्सल ब्रॅमली भाग देऊन त्यांनी एक गाळणं घेतलं होतं. तो पार्सलातला स्क्रूही अस्सल होता, आणि तोही त्याच डब्यातून बोहारणीकडे गेला होता. पृथ्वीच्या या भागात ब्रॅमलीची एकच अस्सल वस्तू जागेवर उरली होती, आणि ती संडासाच्या दाराला होती.

"सांगितलं का नाहीत मला?" त्यांचा आवाज फुटला.

"तुमी बोलूक दिलात खय?"

वसुधाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळायला मार्ग नव्हता, आणि जयवंतांनी आपल्या नजरेवर आता भरवसा ठेवायचं सोडलं होतं. "अहो, परत फिरायचं का?" त्या हळूच म्हणाल्या.

जयवंतांनी विचार केला. एजंटसाहेब तिथे असणार. सबनीससुद्धा येतो म्हणाला होता, चष्म्यासकट. "नाही," ते उठले. "जाऊ या. फक्त भाऊ, हे कुणाला सांगू नका."

"मी कित्याक सांगू?" भाऊ पेटीत चढले.

जुहूला नारळींच्या सावलीत अठरा गाड्या ओळीनं उभ्या होत्या. त्यांच्यामधून परीक्षक चंद्रप्रकाश कोठारे फिरत होते. कोठारे चार वर्षं विलायतेत राहून आले होते आणि ते अजून पुरते परतले नव्हते. तोंडात पाइप, गळ्यात भिंग, बोलण्यात 'यू सी'. जयवंतांच्या भिंगाहून त्यांचं भिंग दुप्पट मोठं होतं. एका गाडीचे नट त्यांनी "कुर्ला, कुर्ला, हा तर भिवंडी" असं म्हणत बाद केले. तिचा मालक रुमालानं डोळे टिपत होता.

ते ब्रॅमलीपाशी आले. वाकले. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. पाइप तोंडातून निघाला. चोकच्या बोंडापाशी तर त्यांनी श्वासच धरला. अर्धा तास ते गाडीभोवती फिरले. लोक जमले; एजंटसाहेब पुढे आले, त्यांच्या मागे सबनीस.

"जंटलमेन," कोठारे सरळ होत म्हणाले, "हा तारा बघा. एव्हरी पॉइंट परफेक्ट! एकशे एकसष्टपैकी एकशे एकसष्ट. असा संच मी विलायतेतही पाहिला नाही. मिस्टर जयवंत, हे निवडणारी नजर, यू सी, हिला सलाम."

एजंटसाहेबांनी जयवंतांचा हात हातात घेतला. "शाब्बास! सोमवारी माझ्या खोलीत या. तुमच्या टेबलाचं बघू." सबनीसनं चष्मा काढून पुसला. बावीस वर्षांत कुठली सही पास करताना वाटलं नव्हतं असं काहीतरी जयवंतांना वाटलं. तोंड उघडायचंच नाही, एवढंच करायचं होतं.

पण कोठाऱ्यांना भाषण आवरेना. "आणि हे का ओळखता येतं? कारण हा हात वेगळा. आपला मिस्त्री हे करूच शकत नाही. आपल्याकडे, यू सी, चलता है. सरळ रेघ नाही, शिस्त नाही. हे रक्तात असावं लागतं. शंभर वर्षं शिकवलं तरी आपल्या फिटरच्या हातून असा एक तारा उमटणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक आपल्याला हिणवलं की फार मनापासून टाळ्या वाजवतात.

जयवंतांनी मागे बघितलं. भाऊ पेटीच्या कडेला टेकून उभे होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. समुद्राकडे बघत होते. कानावरची विडी त्यांनी काढून मुठीत धरली होती, आणि तो तीस वर्षांच्या तेलानं काळा झालेला अंगठा तिच्यावरून उगाच फिरत होता.

"हे खोटे आहेत," जयवंत म्हणाले.

"बेग युवर पार्डन?"

"एकशे एकसष्टही. विलायतेतले नाहीत. बोरिवलीचे आहेत. या भाऊ परबांनी केलेत, ताऱ्यासकट."

"अशक्य!" कोठारे म्हणाले. "मी स्वतः पाहिलेत."

"मीही पाहिले होते," जयवंत म्हणाले. "भाऊ, दाखवा."

भाऊंनी खिशातले तीन नट काढून तळहातावर ठेवले. कोठाऱ्यांनी भिंग लावलं. गाडीवरचा बघितला, हातातला बघितला. कोठाऱ्यांची मान आधी गुलाबी, मग लाल झाली. त्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली आणि ब्रॅमली स्पर्धेतून बाद झाल्याचं जाहीर केलं. करंडक मघाशी बाद केलेल्या भिवंडीच्या नटांना गेला, कारण उरलेल्यांत तेच जुने होते.

एजंटसाहेब जवळ आले. "जयवंत, पण तुम्ही ओळखलंत म्हणायचं शेवटी. कोठाऱ्यांना नाही ओळखता आलं."

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. "नाही साहेब," जयवंत म्हणाले. "मला यांनी सांगितलं. सकाळी, जोगेश्वरीला."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "मग आवक-जावकच बरं," ते म्हणाले आणि निघून गेले. सबनीस जाता जाता थबकला आणि हात जोडून गेला. वसुधाबाईंनी नवऱ्याच्या कोटावरची वाळू झटकली. झटकण्याइतकी वाळू तिथे नव्हती.

गर्दी पांगली. जयवंत गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होते, तोच एक गाडीमालक, ज्यानं मघाशी सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या होत्या, कुणी बघत नाहीसं पाहून भाऊंजवळ सरकला. त्याच्या बॉनेटची एक खिट्टी हरवली होती. जमेल का? शिक्क्यासकट? तो गेला तशी दुसऱ्या बाजूनं एक बाई आल्या, त्यांना दिव्याची कडी हवी होती. मग तो रुमालवाला आला. मग एजंटसाहेबांचा ड्रायव्हर आला, 'साहेबांनी पाठवलं नाही' असं आधीच सांगून. भाऊ विडी ओढत ऐकून घेत होते. जयवंतांनी सवयीनं पेन्सिल काढून यादी करायला घेतली होती.

सगळ्यांत शेवटी, पाइप विझवून, नारळीच्या बुंध्याआडून चंद्रप्रकाश कोठारे आले.

"हे पाहा परब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या गाडीचं तेलाचं झाकण... म्हणजे सध्या मी तिथे एका औषधाच्या बाटलीचं लावलंय, ते जाऊ दे. तसं एक करशील? नमुना मी पाठवतो. वर कंपनीचा शिक्का आहे, सिंहाचं तोंड. जमेल?"

"जमतला," भाऊ म्हणाले. "झाकण करतलंय. पण शिक्को माझो मारतलंय."

"तुझा?"

"भाऊ परब, बोरिवली."

"अरे, पण मग ते ओरिजिनल कसं?"

"माझो ओरिजिनलच तो."

कोठाऱ्यांनी एकदा जयवंतांकडे बघितलं, एकदा लांब उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे. घसा साफ केला. मग ते आणखी जवळ आले आणि जवळजवळ भाऊंच्या कानात म्हणाले, "बरं, आतल्या बाजूनं मारशील? दिसणार नाही असा?"

भाऊंनी विडी वाळूत विझवली.

"भायरसून," ते म्हणाले. "आणि मोठो."